घरातली साउंड सिस्टीम सुधारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नातेवाइकांकडे, मित्रांकडे, गाणं शिकणाऱ्या ओळखीच्या मुलांकडे सिस्टीम लावून द्यायला मी बरीच वर्षं जातो आहे. तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात ते इथे घेतले आहेत. माझं ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत. त्यामुळे उदाहरणं तंबोऱ्याची आणि तबल्याची येतील, पण सिनेमाची गाणी ऐकणाऱ्यालाही तेच नियम लागू पडतात.

आवाज सुधारायचा आहे. आधी काय बदलू, स्पीकर की ॲम्प्लिफायर?

आधी जागा बदला. पैसे नंतर.

ठाण्याच्या घरी माझे स्पीकर टीव्हीच्या शोकेसमध्ये होते. सुताराने त्यांच्या मापाचे कप्पे करून दिले होते आणि स्पीकर त्यात घट्ट बसले होते. आवाज कोंदट यायचा. दुकानदार म्हणाला, ॲम्प्लिफायर कमी पडतोय. म्हणून दुप्पट वॅटचा घेतला. आवाज तसाच कोंदट, फक्त मोठा. पुढे घराला रंग काढला तेव्हा शोकेस रिकामी करावी लागली. स्पीकर चार दिवस दोन स्टुलांवर, भिंतीपासून हातभर पुढे राहिले. त्या चार दिवसांत तंबोऱ्याची जवारी पहिल्यांदा नीट ऐकू आली. तारेभोवती जी बारीक, झिणझिणती झालर असते ती मोकळी झाली होती. स्पीकर तेच होते, आणि जुना ॲम्प्लिफायर लावून पाहिला तर त्यावरही तसंच ऐकू आलं.

शोकेसचा कप्पा पेटीसारखा घुमतो. त्यातून पाठीमागे भोक असलेला स्पीकर असेल तर त्या भोकातून येणारा खर्ज, म्हणजे खालचे जाड सूर, कप्प्यातच कोंडतो. माळ्यावर, कपाटाच्या डोक्यावर, सोफ्याच्या मागे ठेवलेल्या स्पीकरचीही गत हीच.

मग ठेवायचे कुठे?

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. स्पीकरमध्ये सहा फूट अंतर असेल तर तुम्हीही साधारण सहा-सात फुटांवर बसा. वरचा छोटा गोल, म्हणजे ट्विटर, बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा. स्टँड नसेल तर मजबूत स्टूल चालतं. स्पीकरचं तोंड थोडं आत, तुमच्याकडे वळवा. मागच्या भिंतीपासून एक-दीड फूट तरी सुटले पाहिजेत, आणि कोपरा टाळायचाच. कोपऱ्यात खर्ज फुगतो, त्याला बरेच जण 'बेस भारी आहे' म्हणतात.

तुमची खुर्चीही मागच्या भिंतीला टेकलेली नको. आपल्याकडे सोफा भिंतीला लावायची पद्धत आहे, मला ठाऊक आहे. पण मन लावून ऐकायच्या वेळी एक खुर्ची दोन फूट पुढे ओढायला काय हरकत आहे?

जागा ठरवताना एकट्या गळ्याचं गाणं लावा, ज्यात गाणारा मधोमध आहे. त्याचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, हवेत उभा राहिला पाहिजे. तो पसरट वाटला तर स्पीकर थोडे जवळ घ्या. एका बाजूला ओढला गेला तर दोन्हींची अंतरं टेपने मोजा. चार-पाच सेंटिमीटरचा फरकही कळतो. जागा सापडली की फरशीवर मास्किंग टेपच्या खुणा करा, म्हणजे झाडू-पोछा झाल्यावर स्पीकर पुन्हा तिथेच येतील.

स्पीकर चांगले आहेत, तरी शब्द कळत नाहीत. सगळं घुमतं.

खोलीच्या मध्ये उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्रर्र' असा शेपटीसारखा आवाज आला तर दोष खोलीचा आहे. विटांच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब, खिडकीला काच. यातलं काहीच आवाज शोषत नाही.

फरशीवर, तुमच्या आणि स्पीकरच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा टाका. खिडकीला जड कापडाचा, भरपूर चुण्यांचा पडदा लावा. मग बाजूच्या भिंती. तुम्ही खुर्चीत बसा आणि कोणाला तरी आरसा भिंतीला धरून सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसतो, तिथूनच आवाज उडून तुमच्या कानात येतो. तिथे पुस्तकांचं कपाट आणा किंवा गोधडी टांगा. आजीच्या हातची चार-पाच थरांची गोधडी भिंतीवर शोभूनही दिसते. भिंत आणि गोधडी यांत दोन-तीन इंच पोकळी ठेवली तर ती जास्त काम करते.

डग्ग्याचे काही सूर एकदम मोठे येतात, काही गायबच होतात. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे साधं गणित उपयोगी पडतं. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकतात आणि फुगतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा, सगळ्यात खालचा अडकणारा सूर मिळतो.

१० बाय १२ ची खोली घेऊ. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, तिथे ४७ हर्ट्झ (सेकंदाला ४७ कंपनं). १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, तिथे सुमारे ५७. छत साडेनऊ फुटांवर असेल तर सुमारे ६०. म्हणजे ५७ आणि ६० एकमेकांना चिकटले, तिथे ढीग झाला. त्यांची दुप्पट ९४, ११३, ११९, तिथेही फुगवटा येतो. आता हे सुरांशी लावून पाहा. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज, म्हणजे सा, सुमारे १३९ हर्ट्झला आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ ला. मींड घेत डग्गा या पट्ट्यातून खालीवर फिरतो तेव्हा खोली त्याचा एक सूर उचलून धरते आणि दुसरा गिळते. तबलजीने काढलेला गोलवा मग तुमच्यापर्यंत पोचत नाही.

लांबी-रुंदी सारखी असलेली चौरस खोली याबाबतीत सगळ्यात वाईट, कारण दोन्ही दिशांचे सूर एकच होतात.

उपाय काय? खुर्ची हलवून पाहा, अर्ध्या फुटानेही फरक पडतो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका. शेवटी जाडी लागते. पातळ सतरंजी फक्त वरचे सूर शोषते, खर्जाला तिचा पत्ताही लागत नाही. माझ्याकडे पिंजून घेतलेल्या कापसाच्या दोन गाद्या गुंडाळून, चादरीत बांधून दोन कोपऱ्यांत उभ्या केलेल्या आहेत. पाहुणे आले की त्या खाली अंथरल्या जातात. गाद्या कोपऱ्यात असताना आणि नसताना एकच ठेका लावून ऐकलं, तर घरात कोणालाही फरक सांगता येतो. कायमची सोय हवी असेल तर चार इंच जाडीचा रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) कापडात पूर्ण बंद करून चौकटीत बसवतात. तो हाताळताना तोंडाला मास्क लावा.

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू का?

नको. खर्जाला काही होत नाही, वरचा थोडासा भाग फक्त कमी होतो, आणि आगीचा धोका वाढतो.

किती वॅटचा ॲम्प्लिफायर पुरेसा?

खोक्यावर 'पीएमपीओ' लिहिलेला आकडा विसरून जा, त्याला अर्थ नाही. आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी ताकद, पाहा आणि ते किती ओहमच्या (रोधाच्या) स्पीकरला दिले आहेत तेही पाहा.

घरगुती स्पीकर साधारण ८६ ते ८८ डेसिबल संवेदनशीलतेचे असतात, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर तेवढा आवाज. हॉलमध्ये गाणं ऐकताना बहुतेक वेळ एक-दोन वॅटच वापरले जातात. बाकीची ताकद अचानक येणाऱ्या थापेसाठी राखीव असते. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, आणि कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. ४० चा ८० केल्याने आयुष्य बदलत नाही ते यामुळे. साध्या हॉलला ४०-५० प्रामाणिक वॅट भरपूर झाले.

एक धोका मात्र आहे. लहान ॲम्प्लिफायर पूर्ण पिळला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज ट्विटर जाळतो. गणपतीत सोसायटीच्या मंडपात जळणारे ट्विटर बहुधा असेच जातात. फाटल्याची शंका आली की लगेच कमी करा.

महाग केबल घेऊ?

पाच मीटरपर्यंत अंतर असेल तर तांब्याची अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) वायर घ्या, इलेक्ट्रिशियन वापरतात तीच, फक्त मऊ, बारीक तारांची. पाच मीटरच्या जाण्यायेण्याच्या मार्गात तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. वायरीवर हजारो रुपये घालण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, तेवढ्यात चांगला गालिचा येतो.

जोडणी मात्र नीट करा. एका स्पीकरचं लाल-काळं उलटं लागलं तर खर्ज नाहीसा होतो आणि गाणारा कुठे उभा आहे ते कळत नाही. जुन्या स्पीकरवर खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर वूफरच्या, म्हणजे मोठ्या गोलाच्या, टोकांना टेकवा. त्याचा हलणारा पडदा बाहेर आला तर सेलचं अधिक टोक जिथे होतं ते लाल.

ब्लूटूथवर ऐकलं तर फरक पडतो का? डॅक (डिजिटल संकेताचा आवाजाच्या संकेतात बदल करणारं यंत्र) घ्यायचा का?

सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिटचा. ब्लूटूथचा साधा एसबीसी कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत, जास्तीत जास्त सुमारे ३२८ चा, आणि एलडॅक हा दुसरा कोडेक ९९० पर्यंत जातो. स्वयंपाक करताना लावायला ब्लूटूथ उत्तम. बसून ऐकायचं असेल तर वायर लावा.

फोनमधून यूएसबी-सीला लावायचा छोटा डॅकही हल्ली इतका स्वच्छ असतो की बहुतेक घरांत तिथे अडत नाही. त्याआधी स्रोत तपासा. यूट्यूबवरच्या मैफलीची प्रत कोणीतरी कॅसेटवरून काढलेली असेल, तर लाखाचा डॅकही ती वर आणू शकणार नाही. सीडी असेल तर ती फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या फाइलमध्ये, एकदा नीट उतरवून घ्या.

सिस्टीममधून सतत 'हूंऽऽ' येतं.

ॲम्प्लिफायर चालू ठेवून एकेक उपकरण काढा. ज्याची वायर काढल्यावर आवाज थांबेल ते गुन्हेगार. पुष्कळ वेळा टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समधून गच्चीवरच्या डिशची किंवा केबलवाल्याची वायर येते, तिथून अर्थिंगचा दुसरा रस्ता तयार होतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण सुरू होते. टीव्हीतून ऑप्टिकल वायरने आवाज घेतला की ती तुटते, कारण त्यातून वीज जातच नाही. रेकॉर्ड प्लेअरला एक बारीक अर्थिंगची वायर असते, ती ॲम्प्लिफायरच्या फोनो (रेकॉर्ड प्लेअरच्या) जोडणीजवळच्या स्क्रूला लागलेली आहे का पाहा.

गुणगुण थांबवायला प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला करंट आला तर जीव जाईल. इलेक्ट्रिशियनकडून घराची अर्थिंग मोजून घ्या.

गुणगुणीऐवजी 'चर्रर्र' येत असेल तर पंख्याचा रेग्युलेटर फिरवून पाहा. काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमर अशी कुरकुर सोडतात. पायऱ्यापायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की ती जाते. लोडशेडिंगच्या गावी स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. तिथे प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो.

वडिलांचे ८० च्या दशकातले स्पीकर आहेत. फेकून द्यावेत का?

थांबा. जाळी काढून वूफरच्या कडेला बोट लावा. ती फोमची असेल आणि बोटाला चिकट, काळी पूड लागली तर फोम कुजला आहे. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, दमट हवेने तो लवकर जातो. पण पडदा आणि कॉइल धड असेल तर फक्त कड बदलता येते. जुना गोंद स्पिरिटने हळूहळू सोडवायचा, मापाची नवी कड चिकटवायची आणि सुकेपर्यंत पडदा बरोबर मध्यावर राहील असं पाहायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास विचारलंत तर हे काम करणारे सापडतात. रबराची किंवा कापडाची कड असेल तर बहुधा काहीच करावं लागत नाही.

पेटीच्या आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र चाळीस वर्षांत वाळतात. ते बदलायला थोडे पैसे लागतात, आणि दबलेला वरचा आवाज परत येतो. ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारून बटण वीस-तीस वेळा फिरवा, प्लग काढलेला असताना.

रेकॉर्ड प्लेअर नवा घेतला, पण आवाज पातळ आणि बारीक येतो.

तो साध्या ऑक्समध्ये लावला असेल. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर मुद्दाम जास्त ठेवतात, नाहीतर खाचा मावणार नाहीत. १९५४ पासून त्याचं ठरलेलं माप आहे, आरआयएए. फोनो प्रीॲम्प ते उलटं करून देतो आणि कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) चार-पाच मिलिव्होल्टचा कमकुवत संकेत वाढवतो. काही प्लेअरमध्ये तो आतच असतो, मागे छोटं बटण असतं.

मग सुईचा भार पाहा. ऑर्टोफॉन टूएम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ ला २ ग्रॅम. छोटा डिजिटल काटा मिळतो, त्यावर तोला. 'रेकॉर्ड झिजू नये' म्हणून भार कमी ठेवणारे पुष्कळ भेटतात. पण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि खाच जास्त खराब करते. रोज तासभर ऐकत असाल तर दोन-अडीच वर्षांनी सुई बदला.

पावसाळ्यात रेकॉर्डवर पांढरे ठिपके येतात, ती बुरशी. डिस्टिल्ड वॉटरमध्ये अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसा आणि उभी वाळवा.

७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या रेकॉर्डही तशाच धुवायच्या का?

अजिबात नाही! त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. फक्त डिस्टिल्ड वॉटर, ते पटकन पुसून टाकायचं, आणि लेबल कोरडं ठेवायचं. त्यांची खाच एलपीच्या (नंतरच्या, ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या) खाचेपेक्षा बरीच रुंद असते, म्हणून सुईही वेगळी, ७८ ची लागते. एलपीची सुई खाचेच्या तळाला घासत जाते, त्यातून फक्त खरखर मिळते.

कॅसेटचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो.

हेड कापसाच्या बोळ्याने आणि आयसोप्रोपिलने पुसा, बोळ्यावर तपकिरी रंग उतरेल. तरीही तसाच राहिला तर हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू कॅसेट चालू असताना अगदी पाव वळसा इकडेतिकडे फिरवा. एका जागी वरचे सूर एकदम उघडतात. घरातल्या माणसांचे आवाज भरलेल्या कॅसेट असतील तर त्या यंत्र ठीक झालं त्याच दिवशी संगणकावर उतरवून घ्या.

सबवूफर घेऊ का? शेजारी तक्रार करतात.

लहान स्पीकर असतील तर सबवूफरने, म्हणजे फक्त खर्जाच्या वेगळ्या स्पीकरने, गाण्याला बैठक येते. जोडबिंदू, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात तो आकडा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. जागा शोधायची युक्ती अशी: सबवूफर तुमच्या खुर्चीवर ठेवा, डग्गा चालू करा आणि तुम्ही भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे डग्गा सारखा आणि गोल ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा.

खर्ज स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. सबवूफरखाली जाड रबर घाला, आणि रात्री १० नंतर तो बंदच ठेवा. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

इक्वलायझर (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) वापरणं चुकीचं आहे का?

नाही. पण वाढवण्याऐवजी कमी करा. वर गणित केलं त्या फुगणाऱ्या जागा चार-सहा डेसिबलने खाली आणा. खड्डे भरायच्या मागे लागू नका, तिथे ताकद वाया जाते. 'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याला मोजमापाचा एक माइक लावला की खोलीचा आलेख डोळ्यांसमोर येतो.

दुकानात ऐकून स्पीकर कसा निवडायचा?

स्वतःची, पाठ असलेली गाणी घेऊन जा. दुकानातलं चकाचक डेमो गाणं ऐकू नका. आवाज समान ठेवायला सांगा. एक डेसिबलनेही मोठा वाजणारा स्पीकर 'चांगला' वाटतो आणि दुकानदाराला हे माहीत असतं.

मी तीन गोष्टी ऐकतो. तंबोऱ्याची जवारी सुटी सुटी कळते की नुसता सूंऽ होतो. पेटीच्या भात्याचा श्वास आणि पट्टीचा खट् ऐकू येतो का. आणि स्त्री गळ्याचा तार षड्ज लागला की कानाला टोचतो का. पहिल्या दहा मिनिटांत झगमगीत वाटणारा स्पीकर तासाभरात डोकं दुखवतो. म्हणून तासभर बसा.

नवा स्पीकर शंभर तास वाजवल्यावर खुलतो म्हणतात?

पडदा थोडा सैल होतो खरा, पण बहुतेक फरक आपल्या कानाला सवय झाल्याचा असतो. दुकानदाराने 'वाजवत राहा, खुलेल' म्हणून परतीची मुदत घालवू नये एवढं पाहा.

आई-बाबा आवाज खूप मोठा ठेवतात, तरी म्हणतात शब्द कळत नाहीत.

वय वाढतं तसे वरचे सूर आधी कमी ऐकू येतात, आणि शब्दांची ओळख व्यंजनांतून, म्हणजे त्याच वरच्या सुरांतून होते. आवाज मोठा केला की खर्ज वाढतो, खोली घुमते आणि 'स', 'फ', 'त' आणखी बुडतात. खर्ज थोडा कमी करा, २ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबल वर घ्या, आणि पंखा एक पायरी खाली आणा. त्याहूनही गुणकारी म्हणजे एक छोटा स्पीकर त्यांच्या खुर्चीशेजारी, हातभर अंतरावर ठेवणं. अंतर निम्मं झालं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचं घुमणं आहे तेवढंच राहतं. माझ्या आईच्या आरामखुर्चीजवळ असा एक स्पीकर तिपाईवर आहे. त्याच्या व्हॉल्यूमच्या बटणावर लाल टिकली लावून दिली आहे, म्हणजे चष्मा नसला तरी ते किती फिरवायचं ते तिला कळतं. त्याचबरोबर कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, एकदा करून घ्या.